‘बेड रेस्ट’ लिहिण्याआधी: राज्यातल्या प्रसूतितज्ज्ञांना खुले पत्र

प्रति,
महाराष्ट्रातील सर्व स्त्रीरोग व प्रसूतितज्ज्ञ

डॉक्टर, सप्रेम नमस्कार.

गरोदर बाईच्या केसपेपरवर तुम्ही लोहाच्या गोळीचं नाव लिहिता, ती किती दिवस घ्यायची तेही लिहिता. लोह आणि कॅल्शियम एका वेळी घेऊ नका, हे आवर्जून बजावता. मग त्याच कागदावर ‘बेड रेस्ट’ लिहिताना ती कशासाठी, किती दिवस आणि कधी थांबवायची, हे का लिहीत नाही?

मी तालुक्याच्या गावात फिजिओथेरपी करते. बायका माझ्याकडे येतात त्या बाळंतपणानंतर, बाळ पाच-सहा महिन्यांचं, कधी वर्षाचं झाल्यावर. कुणाची कंबर धरलेली असते, कुणाला खाली बसून उठता येत नाही. कुणी दार लोटून, आवाज खाली आणून सांगते की शिंकलं तरी लघवी होते. मी जुने कागद मागवते. त्यात अनेकींच्या अगदी पहिल्या-दुसऱ्या भेटीच्या कागदावर ते दोन शब्द असतात, आणि पुढच्या सात महिन्यांत ते कुणी खोडलेले नसतात.

होतं कसं, ते तुम्हालाही ठाऊक आहे. सातव्या आठवड्यात थोडं लाल दिसतं, घर घाबरतं, बाई तुमच्याकडे येते. सोनोग्राफीत ठोके दिसतात. तुम्ही म्हणता, ‘सगळं व्यवस्थित आहे, जरा आराम करा.’ तुमच्या मनात आठ दिवस असतात, घरात त्याचे नऊ महिने होतात. जिना बंद, स्कूटी बंद, भाजी आणायला जाणं बंद. माहेरी गेली की तिथे ताटही हातात मिळतं. एरवी सून दुपारी जरा टेकली तर कुरकुरणारं घरही या बाबतीत उदार होतं. मग सहाव्या महिन्यात साखर वाढलेली निघते आणि सगळे एकमेकांकडे बघत विचारतात, आमच्यात तर कुणाला शुगर नाही!

हे पत्र सासूबाईंना न लिहिता तुम्हाला लिहिते आहे, कारण सासूबाई तुमचाच हवाला देतात. या नऊ महिन्यांत बाईच्या आयुष्यात तुमच्या शब्दाइतकं वजन दुसऱ्या कशालाही नसतं. तुम्ही ‘चाला’ म्हणालात तर नवरा बुटांचं दुकान शोधेल. तुम्ही काहीच बोलला नाहीत, तर ती पडून राहील.

तुमच्या शास्त्राने या बाबतीत आपलं मत बदललं त्याला बरीच वर्षं झाली. १९८५ मध्ये अमेरिकेतल्या प्रसूतितज्ज्ञांच्या संघटनेने सांगितलं होतं की व्यायाम करताना गरोदर बाईची नाडी मिनिटाला १४० च्या वर जाऊ देऊ नका आणि दमवणारा व्यायाम १५ मिनिटांत थांबवा. १९९४ मध्ये त्याच संघटनेने नाडीची अट काढून टाकली. २००२ मध्ये आठवड्यातले बहुतेक दिवस अर्धा-अर्धा तास व्यायाम करायला सांगितलं. २०२० च्या एप्रिलमध्ये तर स्पष्ट लिहिलं की वेळेआधीची प्रसूती टाळण्यासाठी बेड रेस्टचा उपयोग होत नाही, सर्रास सांगू नका. त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेने गरोदर आणि बाळंत झालेल्या बायकांसाठी आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम श्रमाचा व्यायाम, आणि जोडीला स्नायूंना बळ देणारे व्यायाम, अशी शिफारस केली. अर्थात व्यायाम टाळण्याचं वैद्यकीय कारण नसलेल्यांसाठी. आपल्याकडच्या कित्येक बायकांसाठी मात्र १९८५ साल अजून उलटलेलंच नाही, किंबहुना त्या वेळची पंधरा मिनिटंही त्यांच्या वाट्याला येत नाहीत.

फायदे तुम्हाला मी सांगणं म्हणजे आगाऊपणा. पण हे पत्र तुमच्या दवाखान्याबाहेर बसलेली बाईही वाचेल, म्हणून सांगते.

कॅनडाच्या प्रसूतितज्ज्ञांनी आणि व्यायामशास्त्रज्ञांनी जगभरातले अभ्यास एकत्र करून २०१९ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यासाठी झालेल्या विश्लेषणात, व्यायाम करणाऱ्या गरोदर बायकांमध्ये गरोदरपणातला मधुमेह, गरोदरपणात वाढणारं बीपी आणि प्रिक्लॅम्पसिया (बीपी वाढून इतर अवयवांनाही इजा पोचवणारा गरोदरपणातला आजार), या तिन्हींची शक्यता साधारण ४० टक्क्यांनी कमी आढळली. यातली निदान २५ टक्के घट साधायची तर आठवड्याला सुमारे १४० मिनिटं भरभर चालणं पुरतं. म्हणजे रोजची वीस मिनिटं. इतक्या स्वस्तात इतकं देणारं दुसरं औषध तुमच्या फार्मसीत आहे का?

साखरेचं थोडं सविस्तर सांगते, कारण आपल्या बायकांसाठी तोच कळीचा मुद्दा आहे. वारेतून सुटणाऱ्या संप्रेरकांमुळे गरोदरपणाच्या उत्तरार्धात इन्सुलिनचा प्रभाव कमी होतो. बाळाला साखर मिळत राहावी म्हणून निसर्गानेच केलेली ही सोय आहे. ज्या बाईच्या शरीराकडे जादा इन्सुलिन तयार करण्याची ताकद असते, ती यातून निभावून जाते. भारतीय शरीरांकडे ती ताकद बेताचीच. इथे स्नायू मदतीला येतात. काम करणारा स्नायू रक्तातली साखर इन्सुलिनची वाट न पाहता आत ओढतो. जेवणानंतर पंधरा-वीस मिनिटं चाललं की साखर उतरते, ती यामुळे. आपल्याकडे ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून दोन तासांनी साखर बघतात आणि १४० किंवा त्याहून जास्त आली तर गरोदरपणातला मधुमेह धरतात. पहिल्या भेटीत ती नॉर्मल असली तर पुन्हा २४ ते २८ आठवड्यांच्या दरम्यान तपासतात. आता हिशेब बघा. पहिल्या तिमाहीत सांगितलेली विश्रांती त्या दुसऱ्या तपासणीपर्यंत चार महिने चालू असते. ज्या काळात स्नायूंनी साखर ओढायला हवी, नेमक्या त्या काळात आपण त्यांना निजवलेलं असतं. रिपोर्ट आल्यावर मग आहारतज्ज्ञ, इन्सुलिन आणि ‘आता जरा चालायला लागा’. शिवाय हा मधुमेह बाळंतपणानंतर गेला, तरी अशा बाईला पुढे कायमचा मधुमेह होण्याचा धोका इतरांपेक्षा कैक पटींनी जास्त राहतो. चालण्याची सवय लागली असेल तर ती तेव्हाही कामाला येते.

मनाबद्दल आपण फारच कमी बोलतो. त्याच विश्लेषणात नियमित व्यायाम करणाऱ्या गरोदर बायकांमध्ये नैराश्याची शक्यता निम्म्याहूनही कमी आढळली. याचं मला आश्चर्य वाटलं नाही. नोकरी करणारी, स्वतः गाडी चालवणारी मुलगी एका दिवसात पलंगावर येते, दिवसभर मोबाइलवर ‘या आठवड्यात बाळ केवढं’ बघत राहते आणि पोटात जरा कुठे ओढलं की धसकते. तिला रडू येतं तेव्हा घर म्हणतं, डोहाळे आहेत.

लघवीवरचा ताबा हा माझा रोजचा विषय. ओटीपोटाच्या तळाशी असलेले स्नायू, जे लघवी रोखताना आपण आत ओढून घेतो, ते गरोदरपणात बाळाचं, पाण्याचं, वारेचं सगळं ओझं पेलतात. त्यांचे व्यायाम धरून इतर व्यायाम करणाऱ्या बायकांमध्ये गरोदरपणात लघवी गळण्याची शक्यता निम्मी झालेली दिसते, आणि बाळंतपणानंतरही ती बरीच कमी राहते. या व्यायामाला जागा लागत नाही, कपडे लागत नाहीत, कुणाला कळतही नाही. दहा सेकंद आत ओढून धरायचं, सोडायचं, असं आठ-दहा वेळा, आणि हे दिवसातून तीनदा. तरी बाळ होऊन वर्ष उलटल्यावर माझ्याकडे येणाऱ्या बाईला तो आयुष्यात पहिल्यांदा कळतो. त्याआधीचं वर्षभर ती लग्नकार्याला जाणं टाळत असते, गेली तरी बाथरूम कुठे आहे ते आधी बघून ठेवते.

व्यायामाच्या नावावर खपवल्या जाणाऱ्या अवास्तव गोष्टींची बाजू मी घेणार नाही. ‘हे आसन करा, हमखास नॉर्मल होईल’ असं सांगणारे क्लास आता जिल्ह्याच्या गावांतही निघालेत. हमखास काही नसतं. अनेक देशांतल्या चाचण्यांची माहिती एकत्र करून २०१७ मध्ये जो अभ्यास आला, त्यात आहार आणि व्यायामाच्या सल्ल्याने सिझरचं प्रमाण घटलं, पण थोडंच. कंबरदुखी व्यायामाने टळतेच असं नाही, तिची तीव्रता मात्र कमी होते. पॅरिस ऑलिंपिकमध्ये इजिप्तची तलवारबाज नादा हाफिज सात महिन्यांची गरोदर असताना खेळली, त्याचे व्हिडिओ सगळ्यांनी एकमेकींना पाठवले. मला त्याचा आनंदच झाला. पण ज्या बाईला कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत एकटीला जायची परवानगी नाही, तिच्या पदरात तो व्हिडिओ काय टाकतो?

आता पडून राहण्याचा हिशेब. गरोदरपणात रक्त गोठण्याची प्रवृत्ती वाढते आणि पायातल्या शिरेत गुठळी होण्याचा धोका एरवीच्या चार-पाच पट असतो. दिवसदिवस पडून राहिलं की त्यात भर. मांड्यांचे आणि पाठीचे स्नायू काही आठवड्यांत झिजतात, आणि त्याच स्नायूंवर पुढे बाळ उचलायचं असतं. एवढी किंमत मोजून मिळतं काय? पडून राहिल्याने गर्भपात टळतो किंवा वेळेआधीची प्रसूती टळते, असा पुरावा हाती आलेला नाही. अमेरिकेत २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, पहिलटकरणी असलेल्या आणि गर्भाशयाचं तोंड आखूड असलेल्या बायकांपैकी ज्यांच्या हालचालींवर बंधन घातलं होतं, त्यांच्यातल्या ३७ टक्के बायका वेळेआधी बाळंत झाल्या. बंधन नसलेल्यांत हे प्रमाण १७ टक्के होतं. तुम्ही म्हणाल, जास्त धोका असलेल्यांनाच डॉक्टरांनी आराम सांगितला असणार. शंका रास्त आहे. पण इतर फरक हिशेबात धरल्यावरही बंधन घातलेल्यांचं पारडं काही हलकं झालं नाही.

आणखी एक नुकसान आहे, ते कुठल्याच तक्त्यात येत नाही. पहिल्या तीन महिन्यांत पडणाऱ्या गर्भांपैकी जवळजवळ निम्म्यांमध्ये गुणसूत्रांचा दोष असतो. तो गर्भ ती बाई झोपून राहिली असती तरी टिकणार नव्हता. पण आपण तिला आधी ‘वाकू नकोस, वजन उचलू नकोस, जिना चढू नकोस’ असं सांगून ठेवतो. मग गर्भ पडला की ती मागचे दिवस मोजू लागते. मी बादली उचलली होती. मी दोनदा खाली गेले होते. नणंदेच्या साखरपुड्यात उभी राहिले होते. घरातलं कुणीतरी ते बोलूनही दाखवतं. चाळिशी ओलांडलेल्या बायका माझ्यासमोर वीस वर्षांपूर्वीची ती बादली अजून आठवतात. आणि पुन्हा पुन्हा तपासूनही अभ्यासांना गरोदरपणातल्या व्यायामामुळे गर्भपात वाढताना दिसलेला नाही. निदान एवढं वाक्य तरी तुम्ही गर्भ पडल्यानंतरच्या भेटीत मोठ्याने, नवऱ्यासमोर आणि सासूसमोर बोला.

आता दुसऱ्या बाईबद्दल. ती त्याच बाकावर बसलेली असते आणि तिच्यापुढे माझं वरचं सगळं बोलणं तोकडं पडतं.

१९९० च्या दशकात पुण्याजवळच्या सहा गावांमध्ये केईएम रुग्णालयाच्या संशोधकांनी गरोदर बायकांच्या पोषणाचा मोठा अभ्यास केला. या बायकांचं दिवस जाण्याआधीचं वजन सरासरी ४२ किलोच्या आसपास होतं आणि त्यांची बाळं साधारण २.७ किलोची. २००३ मध्ये याच अभ्यासातला एक निबंध प्रसिद्ध झाला. गावातल्या बायकांशी बोलून त्यांच्या रोजच्या कामांची प्रश्नावली बनवली होती आणि सुमारे ८०० बायकांचे श्रम १८व्या आणि २८व्या आठवड्याच्या सुमारास मोजले होते. बाईचे श्रम जितके जास्त, तितकं बाळाचं वजन, डोक्याचा घेर आणि दंडाचा घेर कमी, असं त्यात दिसलं. म्हणजे आपल्याच मातीत झालेला अभ्यास सांगतो की कमी वजनाची, अर्धपोटी बाई राबते तेव्हा त्याची किंमत पोटातलं बाळ मोजतं. गरोदरपणातल्या व्यायामाचे गोडवे गाणारे बहुतेक अभ्यास पोटभर खाणाऱ्या, संध्याकाळी मोकळ्या असणाऱ्या पाश्चात्त्य देशांतल्या बायकांवर झालेत. हे न सांगता नुसती १५० मिनिटं लिहून देणं हा अन्याय होईल.

ऊसतोडीला गेलेली बाई पहाटे फडात उतरते, वाकून तोडते, मोळ्या बांधते, डोक्यावर घेऊन गाडीत भरते. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, खाडा केला तर पैसे कापले जातात. तिला ‘रोज अर्धा तास चाला’ सांगायचं म्हणजे चेष्टाच. तिला विश्रांती हवी, खायला हवं आणि रक्त वाढायला हवं. आणि तिलाही तुम्ही लिहून देता ते तेच दोन शब्द, जे बंगल्यातल्या बाईला दिले होते. बंगल्यातली ते गरजेपेक्षा जास्त पाळते, फडातली पाळूच शकत नाही. तिच्या कागदावर ‘आराम’ याऐवजी ‘ओझं उचलणं बंद, सलग उभं राहणं बंद, दुपारी दोन तास सावलीत बसणं’ असं नेमकं लिहिलंत, तर निदान आशाताईला मुकादमापुढे धरायला एक कागद मिळेल. मुकादम ऐकेल याची खात्री मी देत नाही. पण ‘बेड रेस्ट’ वाचून तो हसतो, एवढं मला माहीत आहे.

या दोघींच्या मधली बाई सगळ्यात जास्त संख्येने असते आणि तिचा प्रश्न सगळ्यात अवघड आहे. ती घरकाम करते. घर म्हणतं, एवढं काम करते, आणखी व्यायाम कशाला? नववा लागला की हेच घर तिला ओणवी बसवून फरशी पुसायला लावतं, म्हणजे ‘मोकळी होईल’. धुणं, भांडी, केर-फरशी यांत श्रम आहेत, पण बहुतेक वेळ कंबर एकाच बाजूला वाकलेली आणि श्वास कोंडलेला. सलग दहा मिनिटं हृदयाची गती वाढलेली राहील असं त्यात फारसं काही नसतं. ‘आमच्या वेळी बायका जात्यावर बसायच्या आणि मोकळ्या व्हायच्या’ असं सांगणाऱ्या आजींच्या बोलण्यात थोडं तथ्य आहे, पण त्यांच्या वेळी बाळंतपणात गेलेल्या बायका ते सांगायला उरल्या नाहीत.

आणि एक गोष्ट मला उशिरा उमगली. काही बायका ‘बेड रेस्ट’ तुमच्याकडून मागून घेतात. त्या चिठ्ठीमुळे पाण्याचे हंडे चुकतात, वीस माणसांच्या पोळ्या चुकतात, कधीकधी नवरा जवळ येणंही चुकतं. ती चिठ्ठी काढून घेऊन तुम्ही हातात नुसता ‘व्यायाम करा’ ठेवलात, तर घर त्याचा अर्थ ‘हिला काम चालतं’ असा लावेल. म्हणून दोन्ही लिहावं लागेल: व्यायाम कोणता, आणि काम कोणतं नाही. दुसऱ्या ओळीशिवाय पहिली ओळ लिहू नका, ही माझी कळकळीची विनंती.

व्यायाम किती जोराचा, यासाठी घड्याळ किंवा नाडी नको. गरोदरपणात स्वस्थ बसलं तरी नाडी मिनिटाला दहा-वीस ठोक्यांनी वाढलेली असते, त्यामुळे तो आकडा फसवतो. चालताना बोलता आलं पाहिजे, गाणं म्हणता येऊ नये. एवढी खूण कुठल्याही बाईला समजते. ज्या बाईने आजवर काहीच केलेलं नाही, तिने दहा मिनिटांपासून सुरुवात करून महिनाभरात अर्ध्या तासावर जावं. चौथ्या महिन्यापासून पाठीवर सरळ झोपून करायचे व्यायाम टाळावेत, कारण गर्भाशयाच्या वजनाने मोठी शीर दबते आणि चक्कर येते. वाकडंतिकडं पडायची भीती असलेलं काही नको. आठवड्यातून दोनदा भिंतीला हात टेकून दंड काढणं, खुर्चीतून हात न टेकता उठणं-बसणं, पाण्याच्या अर्ध्या लिटरच्या बाटल्या उचलणं, एवढ्याने स्नायूंचं भागतं. नागपूर-चंद्रपूरकडच्या डॉक्टरांनी उन्हाळ्यात यात एक ओळ घालावी: सकाळी सातच्या आत किंवा घरातच, आणि पाणी पिऊन. अंग तापेपर्यंत उन्हात चालणं हा व्यायाम नाही.

चालायचं कुठे, हा प्रश्न तुम्ही विचारत नाही, मला रोज विचारावा लागतो. गावात पोट दिसू लागलेली बाई एकटी रस्त्याने चालू लागली की ओट्यावरचे सगळे बघतात. शहरात फुटपाथ नाही, असला तर त्यावर दुचाक्या असतात. गच्ची हा चांगला मार्ग आहे. शाळेचं मैदान सकाळी मोकळं असतं. पायात सपाट, मागे पट्टा असलेली चप्पल किंवा बूट हवेत. गरोदरपणात सांधे सैल होतात आणि तोल पुढे सरकतो, स्लिपरमध्ये पाय मुरगळायला वेळ लागत नाही. नवऱ्याला सोबत पाठवा. त्याचंही पोट सुटलेलं असतं.

कुणाला नको, हे तुम्ही माझ्यापेक्षा चांगलं जाणता. पाणी गेलं असेल, वेळेआधी कळा असतील, रक्तस्राव थांबत नसेल, २८ आठवड्यांनंतरही वार गर्भाशयाच्या तोंडावर असेल, प्रिक्लॅम्पसिया असेल, बाळाची वाढ खुंटली असेल, गर्भाशयाचं तोंड सैल असेल, हृदयाचा गंभीर आजार असेल, तर व्यायाम नाही. याआधी वेळेपूर्वी प्रसूती झाली असेल किंवा जुळं २८ आठवड्यांच्या पुढे गेलं असेल, तर विचारपूर्वक. आणि रक्त. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या गरोदर बायकांपैकी ५२.२ टक्के बायकांचं रक्त कमी निघालं. चार पावलं चालून धाप लागणाऱ्या बाईला आधी लोह, मग व्यायाम. पण यादीत नसलेल्या बायका यादीतल्यांपेक्षा खूप जास्त आहेत, आणि आज सल्ला सगळ्यांना यादीतल्यांचाच मिळतो.

त्यामागचं कारणही मी जाणते. ओपीडीत सत्तर-ऐंशी बायका, प्रत्येकीला चार मिनिटं. त्यात बीपी, वजन, ठोके, रिपोर्ट. व्यायाम समजावणार कधी? आणि त्याहून खरं कारण भीती. उद्या गर्भ पडला तर ‘डॉक्टरांनीच चालायला सांगितलं होतं’ म्हणत नातेवाईक दवाखान्यात शिरतील. आराम सांगितला म्हणून कुणी काचा फोडत नाही. डॉक्टरांवरचे हल्ले रोखायला या राज्याला २०१० मध्ये वेगळा कायदा करावा लागला, तेव्हा ही भीती उगाचची आहे असं मी म्हणणार नाही. पण ती भीती एकेकट्या डॉक्टरने निस्तरायची नाही. तुमच्या जिल्हा शाखांनी ठरवलं, एकच मजकूर सगळ्या दवाखान्यांत लागला, सगळ्या कागदांवर तोच शिक्का उमटला, तर एका डॉक्टरकडे बोट दाखवता येणार नाही. सगळीकडे हेच सांगतात, एवढं उत्तर पुरेल.

तो मजकूर काय असावा, याचा मसुदा देते. तुम्ही त्यात हवा तो बदल करा.

‘रोज ३० मिनिटं चालणं, बोलता येईल इतक्या वेगाने. जेवणानंतर चाललेलं उत्तम. ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचे व्यायाम दिवसातून तीनदा. हंडे, पोती, जड बादल्या उचलणं नाही, सलग उभं राहणं नाही. रक्त किंवा पाणी जाणं, नियमित कळा, चक्कर, छातीत दुखणं, जोराचं डोकं दुखणं, पोटरी सुजून दुखणं, यांपैकी काहीही झालं तर थांबा आणि दवाखान्यात या.’

खाली एक रिकामी जागा ठेवा: ‘विश्रांती: ____ पासून ____ पर्यंत, कारण ____’. ज्या बाईला खरंच गरज आहे तिच्यासाठी ती भरा. इतरांच्या कागदावर तिथे आडवी रेघ मारा.

शिक्क्यावर मावणार नाही ते शिकवायला आम्ही आहोत. पंतप्रधान सुरक्षित मातृत्व अभियानात २०१६ पासून दर महिन्याच्या ९ तारखेला गरोदर बायकांची तपासणी होते. बायका सकाळी येतात आणि नंबर लागेपर्यंत तासन् तास बाकावर बसून असतात. त्याच वेळात, त्याच व्हरांड्यात, वीस-वीस जणींना एकदम व्यायाम दाखवता येतात, आणि कुणाला धाप लागते, कुणाचे पाय सुजलेत, हे तुमच्याकडे नंबर लागण्याआधीच कळतं. सोबत आलेल्या सासवांनाही आम्ही उभं करतो. गुडघे त्यांचेही दुखतात, आणि स्वतः केलेल्या व्यायामाला घरी गेल्यावर त्या सहसा नाव ठेवत नाहीत. माझ्या ओळखीतल्या अनेक फिजिओथेरपिस्ट यासाठी महिन्यातली एक सकाळ द्यायला तयार आहेत. आम्हाला एक सतरंजी, चार खुर्च्या आणि पंखा असलेला कोपरा लागेल. पुढच्या ९ तारखेला किती वाजता यायचं, तेवढं तुमच्या सिस्टरकडून कळवा.

आपली,
एक फिजिओथेरपिस्ट